दुकानाने २४ वह्या मागितल्यात, देऊ का?

नमस्कार,

"गेली दोन वर्षं घरातल्या एका खोलीत मी हाताने शिवलेल्या वह्या करते. ए-५ आकार, १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद, १६० पानं, कडक पुठ्ठा, कण्याला कापड आणि वर छापील कागद. प्रदर्शनांत त्या बऱ्या विकल्या जातात. नुकतंच डिझाइनच्या वस्तू ठेवणाऱ्या एका छोट्या दुकानाने २४ वह्या मागितल्या. विकल्या गेल्या की ६० टक्के मला, ४० टक्के त्यांना. किंमत मी साहित्याच्या तिप्पट लावते. अडचण अशी की शेवटच्या खेपेतल्या १२ पैकी ५ वह्या टेबलावर ठेवल्या की डुगडुगतात, कव्हरचा एक कोपरा वरच राहतो. बाकीच्या सातांची कव्हरं किंचित बाहेर वळली आहेत. शिवाय घडीतली मधली पानं कडेने बाहेर डोकावतात. मी आठ-आठ तावांची घडी घालते. दुकानाला हो म्हणू का? आणि अशी आणखी दुकानं शोधायची कशी?"

हो म्हणा, पण २४ ला नको, सहाला. आणि तेही डुगडुग थांबल्यावर. प्रदर्शनात गिऱ्हाईक वही हातात घेतं, उलटीसुलटी करतं आणि सरळ असेल ती नेतं. वाकडी मागे राहते, तुमच्या लक्षातही येत नाही. दुकानात मात्र तीच वाकडी वही तीन महिने शेल्फवर पडून असते आणि तिच्यावर तुमचं नाव असतं. पहिल्या खेपेतली वही आवडली म्हणून दुकान दुसरी मागवतं, ती तंतोतंत पहिल्यासारखी यावी लागते. म्हणून पैशांचं थोडं थांबू दे, आधी पुठ्ठा बघू.

डिंक तोच, कागद तोच, हात तेच, तरी १२ पैकी पाचच डुगडुगतात. याचा अर्थ त्या पाचांत काहीतरी वेगळं आहे, आणि ते बहुधा पुठ्ठ्याची दिशा आहे. मशीनवर तयार झालेल्या कागदात आणि पुठ्ठ्यात तंतू बरेचसे एकाच दिशेला पडलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला फुगतो आणि वाळताना त्याच दिशेला आकसतो. आतले ताव, पुठ्ठा, वरचा कागद, एंडपेपर (कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवून पानांना कव्हरशी जोडणारा कागद) या सगळ्यांचा ग्रेन कण्याला समांतर असला, तर सगळं एकाच दिशेला फुगतं आणि एकाच दिशेला बसतं. एक जरी आडवा गेला, तर दोन थर काटकोनात एकमेकांना ओढतात आणि कव्हर पिळवटतं. तुमचा वर राहणारा कोपरा हा तोच पीळ आहे.

आता हे घडतं कसं ते कापणीच्या टेबलावर बघा. समजा पुठ्ठ्याचा ताव ७०० × १००० मिमी आहे, ग्रेन लांब बाजूने. तुम्हाला २१६ × १४६ मिमीचे तुकडे हवेत. तुकड्यांची उंची ग्रेनच्या दिशेने ठेवली तर लांबीत चार, रुंदीत चार, चार चोक सोळा. फिरवून आडवे मांडले तर लांबीत सहा, रुंदीत तीन, तीन सक अठरा. काही उभे काही आडवे असे बसवले तर एकोणीसही बसतात. दोन-तीन तुकडे जास्त मिळतात, म्हणजे एका वहीचं कव्हर वाचतं. तो मोह बहुतेकांना होतो, तुम्हालाही झाला असावा. एका कव्हरपायी पाच वह्या गेल्या. सोळावर थांबा. उरलेल्या पट्ट्यांतून कण्याच्या पट्ट्या काढा, फक्त त्यांचाही ग्रेन लांबीला धरा. आणि कापण्याआधी अख्ख्या तावावर पेन्सिलीने, प्रत्येक तुकड्यावर एक येईल असे, ग्रेनचे बाण काढून ठेवा. कापल्यावर तुकडा हातात घेऊन दिशा ओळखत बसण्यापेक्षा हे सोपं.

दिशा ओळखायची तर पुठ्ठा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकण्याच्या रेषेला ग्रेन समांतर असतो. कागदाच्या बाबतीत एकाच तावातून एक उभी आणि एक आडवी अशा १५ सेंमी लांब, दीड सेंमी रुंद दोन पट्ट्या कापा, एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. जी जास्त लोंबते ती ग्रेनच्या आडवी कापलेली. पट्ट्या उलटून पुन्हा बघा, कारण ताठ पट्टी वर आली की दोन्हींमध्ये फट पडते, खाली आली की पडत नाही. हातकागदाला ही परीक्षा लावून निराश होऊ नका. साच्यात दोन्ही दिशांना हलवून तयार केलेल्या कागदात ग्रेन जवळपास नसतो.

आतल्या तावांचंही तपासा. बाजारात तयार कापलेला ए-४ बहुतेकदा लांब बाजूने ग्रेन असलेला येतो. तो मधोमध दुमडून ए-५ केला की घडी ग्रेनला आडवी जाते. अशी वही उघडी ठेवली की पानं आडवी पडत नाहीत, ताठ उभी राहतात. घडीवर कागद तडकतो आणि कण्याला डिंक लागला की तिथे लाटा येतात. यावरचा उपाय सोपा आहे. लांब ग्रेनचा ए-३ घ्या आणि मधोमध कापा. मिळणाऱ्या दोन ए-४ तावांत ग्रेन आखूड बाजूला समांतर येतो, आणि तो दुमडला की घडी बरोबर ग्रेनच्या दिशेने पडते. ए मालिकेत प्रत्येक आकार आधीच्याचा निम्मा असतो, त्यामुळे दर कापणीला ग्रेन लांब बाजूवरून आखूड बाजूवर आणि पुन्हा उलटा असा फिरत जातो. हे आकार १९२२ साली जर्मनीत डीआयएन ४७६ म्हणून ठरले तेव्हा कार्यालयीन कागदांचा विचार झाला होता, वही शिवणाऱ्याचा नाही!

बाकीच्या सात वह्या बाहेर वळतात, त्याचं कारण निराळं आहे. डिंक लावलेला वरचा कागद ओलाव्याने फुगतो, फुगलेलाच पुठ्ठ्याला चिकटतो आणि वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून एंडपेपरही तेच करतो. दोघांची ओढ सारखी असेल तर पुठ्ठा सपाट राहतो. तुमच्याकडे बाहेरचा जिंकतोय. एकतर तुम्ही वरच्या कागदाला डिंक पातळ करून, म्हणजे जास्त पाणी घालून लावता, नाहीतर एंडपेपर फार हलका आहे. पांढरा पीव्हीए डिंक पाणी न मिसळता, रोलरने किंवा आखूड केसांच्या ब्रशने पातळ थरात लावा. वाळायला वेळ हवा असेल तर पाण्याऐवजी मिथाइल सेल्युलोजची खळ मिसळा, दोन भाग डिंकाला एक भाग खळ. मोठा कागद सावकाश सरळ बसवता येतो. एवढ्याने भागलं नाही तर कव्हरच्या आतल्या बाजूला, दुमडून आणलेल्या कडांच्या मधल्या रिकाम्या चौकोनात १०० जीएसएमचा एक कागद चिकटवा, चारही बाजूंनी २ मिमी लहान. त्याने आतली ओढ वाढते आणि एंडपेपरखाली कडांची पायरीही दिसत नाही. कव्हर अगदी किंचित आत वळलेलं असेल तर काळजी नको. बांधणीवाले तसंच पसंत करतात, ते पानांना घट्ट धरून राहतं.

वाळवणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि वह्या इथेच बिघडतात. एंडपेपर चिकटवल्यावर कव्हर आणि पानं यांच्यामध्ये दोन्हीकडे प्लास्टिकची पातळ शीट घाला, म्हणजे ओल पानांत उतरत नाही. शीटवर टीपकागद ठेवा, अर्ध्या तासाने तो बदला. मग गुळगुळीत फळी, वर आठ-दहा किलो वजन, आणि किमान २४ तास हात लावू नका. घाई म्हणून पंख्याखाली उघडी ठेवलेली वही एका बाजूने आधी वाळते आणि पुन्हा वाकते.

आता कडेने डोकावणारी पानं. एकात एक सारून दुमडलेल्या तावांच्या घडीला बांधणीत जुज म्हणतात, तोच शब्द पुढे वापरतो. तुमच्या जुजात आठ ताव आहेत. १०० जीएसएमचा ताव साधारण पाव मिमीच्या निम्मा, म्हणजे ०.१२५ मिमी जाड असतो. आठ तावांत सर्वांत आतला ताव बाहेरच्यापेक्षा सात जाडींनी पुढे सरकतो, म्हणजे सुमारे ०.९ मिमी. डोळ्याला ते लगेच दिसतं. मग चार-चार तावांची दहा जुजं करावीत का? सरकणं ०.४ मिमीवर येतं खरं, पण दुसरीकडे धागा मारतो. प्रत्येक जुजाच्या घडीत धाग्याची एक जाडी भर पडते. धागा अर्धा मिमी असेल तर दहा जुजांना कण्याकडे ५ मिमी फुगवटा येतो. वही कण्याला जाड, कडेला पातळ अशी पाचरीसारखी होते. दाबाखाली थोडी बसते, पूर्ण नाही.

तुमच्या ४० तावांसाठी पाच तावांची आठ जुजं हा चांगला मध्य आहे. सरकणं अर्धा मिमी, आणि २५/३ लिननचा धागा घेतला तर फुगवटाही आवरता येतो. १८/३ त्यापेक्षा जाड असतो. पहिला आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, दुसरा आकडा एकत्र पिळलेल्या पदरांचा. तो मेणावरून एकदाच ओढा, जास्त मेण लागलं की घडीला डाग पडतो. लांबी उंचीच्या हिशोबाने काढा: २१ सेंमी गुणिले आठ जुजं, वर गाठींना ३० सेंमी, म्हणजे जेमतेम दोन मीटर. ओढताना हात नेहमी कण्याला समांतर जाऊ दे. आपल्याकडे, काटकोनात ओढलं की धागा कागद कापतो, भोक लांबट होतं आणि तिथे डिंक आत शिरतो. भोकं वरून-खालून १५ मिमी सोडून सुरू करा आणि एकाच साच्यावरून पाडा. मोजून पाडलेली भोकं दर जुजाला अर्धा मिमी इकडेतिकडे होतात आणि शेवटी वरची कड जिन्यासारखी दिसते. शिवल्यावर, कण्याला डिंक लावून वाळल्यावर, समोरची कड धारदार पात्याने पोलादी पट्टीला लावून कापा. एका दमात जोर लावून नको, हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा.

कागदाचा हिशोब करून ठेवा. १२ वह्यांना ४८० ताव लागतात, रीममध्ये ५०० असतात. उरलेले २० हे तुमचे वाया जाणारे आणि शाईच्या परीक्षेचे. नवी रीम आली की पहिल्याच तावावर जाड टाकाच्या फाउंटन पेनने रेघा ओढा, एका जागी पाच सेकंद पेन टेकवून ठेवा आणि दहा मिनिटांनी मागची बाजू पाहा. त्याच नावाचा, त्याच वजनाचा कागद पुढच्या लॉटमध्ये शाई पसरवू शकतो. चांगला लॉट सापडला की पैसे परवडतील तर एकदम दोन खेपांचा घ्या. वहीभोवती गुंडाळायच्या कागदी पट्टीवर कागद टिकाऊ, आम्लमुक्त असं छापायचं असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर छापू नका. गिरणीच्या तांत्रिक पत्रकात आयएसओ ९७०६ शोधा. त्या मानकात कागदाचा सामू ७.५ ते १० आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा अपेक्षित असतो.

एवढं बसलं की पैसे. साहित्याच्या तिप्पट ही रीत प्रदर्शनापुरती चालते, दुकानात तुम्हाला बुडवते. साहित्याला १०० धरा, तुमची विक्री किंमत ३००. सरळ माल विकत घेणारं दुकान सर्वसाधारणपणे विक्री किमतीच्या निम्मे देतं, म्हणजे १५०. त्यातले १०० साहित्याचे, हातात ५०. दुकानाने सांगितलेल्या ६० टक्क्यांनी १८०, हातात ८०, आणि तेही वही विकली गेल्यावर. या ५० किंवा ८० मध्ये मजुरी, पॅकिंग, पाठवणी, वाया गेलेला माल आणि कर. मजुरी किती? ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, बहुधा मोजलंच नाही.

पुढच्या १२ वह्यांच्या खेपेला घड्याळ लावा. समजा कापणी, घडी आणि भोकं ३ तास, शिवण ६, कणा आणि कडा २, कव्हर ४, जोडणी, तपासणी, पॅकिंग ३. एकूण १८ तास, म्हणजे वहीमागे दीड तास. वाळण्याचा वेळ यात धरायचा नाही. एक गोष्ट लक्षात येईल: खेप मोठी केली की मांडामांड, डिंक काढणं, टेबल पुसणं याचा वेळ वाचतो, शिवणीचा नाही. एका वहीला अर्धा तास तर २४ वह्यांना १२ तास. त्यामुळे जास्त केल्या की स्वस्त पडतील, ही आशा शिवलेल्या वहीबाबत फार ताणू नका.

मग हिशोब असा: साहित्य १००, त्यावर वाया जाणारं १०, मजुरी समजा १००, वीज-भाडं-पॅकिंग-हत्यारं ४०. खर्च २५०. त्यावर २० टक्के नफा, घाऊक भाव ३००, विक्री किंमत ६००. आजच्या दुप्पट. आकडा बघून घाबरायला होईल, पण तो खरा आहे. आज तुम्ही ज्या भावाने प्रदर्शनात विकता, तो तुमचा घाऊक भाव आहे.

दुकानाच्या शेल्फवर ६०० चालणार नसेल तर भाव पाडू नका, वस्तू बदला. दुकानांसाठी एक पातळ वही काढा. दहा ताव, ४० पानं, एकच जुज, जाड कागदाचं मऊ कव्हर, तीन भोकांची शिवण. मधल्या भोकातून आत जायचं, वर, खाली, परत मधून, आणि गाठ लांब धाग्याच्या दोन्ही बाजूंनी. हात बसला की पाच मिनिटांत एक शिवून होते. दहा तावांत आतला ताव मिमीभर पुढे येतो, म्हणून कड शिवल्यावरच कापायची, आधी नाही. पुठ्ठा नाही, त्यामुळे वळण्याचा प्रश्नच येत नाही. तीन वह्यांचा संच कागदी पट्टीत बांधून द्या. मोठी वही शेल्फवर शोभेला आणि नावाला राहील, पण फेरमागणी बहुधा या संचाची येईल.

तुमच्या दुकानाशी बोलताना माल ठेवायला देणं आणि माल विकणं हा फरक डोक्यात पक्का हवा. विकेल तेव्हा पैसे, या बोलीत दुकान काहीच गुंतवत नाही, गुंतवता तुम्ही. २४ मोठ्या वह्या दिल्या तर २४०० चं साहित्य आणि ३६ तासांचं काम त्यांच्या शेल्फवर अडकतं. म्हणून सहा द्या आणि चार ओळींचा कागद करा. मुदत ९० दिवस. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला किती विकल्या याचा हिशोब आणि पैसे. विकली जाईपर्यंत मालकी तुमची, पण दुकानात खराब झाली किंवा हरवली तर घाऊक भाव दुकानाने द्यायचा. हाताळायला उघडी ठेवलेली नमुना वही कोणाच्या खर्चाने, हेही लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी मळकी वही परत येते आणि वाद होतो. सहापैकी चार मुदतीत गेल्या तर पुढची मागणी निम्म्या किमतीने, रोख. ही अट आधीच सांगितलेली बरी. आणि दुकानाचे ४० किंवा ५० टक्के जास्त वाटत असतील तर भाडं, पगार, चोरी आणि न विकलेला माल हे सगळं त्यातून निघतं, हे लक्षात ठेवा. इंटरनेटवरच्या तुमच्या स्वतःच्या पानावर दुकानापेक्षा कमी भाव ठेवायचा नाही. दुकानदार ते तपासतो, आणि एकदा दिसलं की पुन्हा फोन येत नाही.

आणखी दुकानं शोधायची तर शोधयंत्रात डिझाइन शॉप लिहून बसण्यात अर्थ नाही, मोठी आणि पैसे खर्चून वर आलेलीच दिसतात. उलट्या बाजूने जा. तुमच्या वहीशेजारी शोभतील अशा वस्तू करणारे दहा लहान कारागीर निवडा: छापील पत्रं, चिनीमातीचे कप, लाकडी पेनस्टँड, शाई, लिनोकटची चित्रं. वही करणारे नकोत, एखादाच पुरे. यांच्यातले बरेच जण आपल्या पानावर आपला माल कुठे मिळतो याची यादी देतात. सगळ्या याद्या एका तक्त्यात उतरवा. जे दुकान दहापैकी तीन याद्यांत दिसतं, ते लहान कारागिरांकडून नियमित घेतं. तुमची पहिली यादी ती.

मग एकेक दुकान चाळा. त्यांच्या पोस्टमध्ये एकाच कारागिराचा माल सहा महिन्यांनी पुन्हा आलेला दिसतो का? तो फेरमागणीचा पुरावा आहे, सर्वांत महत्त्वाचा. दर महिन्याला नवी नावं येतात आणि जुनी गायब होतात, तिथे माल विकला जात नाही किंवा पैसे वेळेवर मिळत नाहीत. यादीतल्या एकदोन कारागिरांना सरळ विचारा की हिशोब वेळेवर येतो का. बहुतेक जण खरं सांगतात. तुमची किंमत त्यांच्या किमतींच्या मधल्या पट्ट्यात बसते का, हेही पाहा. सगळ्यांत महाग वस्तू तुमची असेल तर ती तिथे नुसती पाहिली जाईल.

शक्य असेल तिथे गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. वह्या आडव्या ठेवल्यात की उभ्या? उभ्या आणि सैल ठेवलेल्या वह्या महिनाभरात कलतात, कणा तिरका होतो. शेल्फवर थेट ऊन येतं का? छापील कागद आणि रंगीत कापड तिथे विटेल. उघडून पाहायला नमुना ठेवतात की सगळं प्लास्टिकमध्ये? वही हा उघडूनच विकला जाणारा माल आहे. वस्तूंवर धूळ आहे का? धूळ म्हणजे माल हलत नाही. त्याच वेळी वहीचा विषय मात्र काढू नका, काउंटरवर गर्दी असताना तर मुळीच नाही. खरेदी कोण पाहतं एवढं विचारा आणि मेल पाठवा. भेटवस्तूंच्या हंगामाची खरेदी दुकानं कित्येक महिने आधी ठरवतात, ऐन हंगामात आलेलं पत्र कोणी उघडत नाही.

डिझाइनची दुकानं सोडून पुस्तकांची निवडक दुकानं, संग्रहालयांची विक्रीदालनं, पेन आणि शाईची दुकानं, चित्रकलेच्या साहित्याची दुकानं बघा. पेनवाले कागदाबद्दल नेमके प्रश्न विचारतात, पण पटलं की वर्षानुवर्षं मागवतात. कॅफेतलं शेल्फ मोहात पाडतं. वाफ, ओले हात आणि लक्ष द्यायला कोणी नाही, असं तिथलं चित्र असतं, शेवटी धरा. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांना एकच वही देऊ नका. एखादं दुकान त्या भागात फक्त आम्हालाच द्या म्हणालं तर सहा महिन्यांसाठी द्या, पण किमान मागणीचा आकडा लिहून घ्या.

मेल छोटा हवा. असा काहीसा:

"नमस्कार, आपल्या दुकानातल्या छापील पत्रांचा आणि शाईचा संग्रह पाहिला. आमच्या हाताने शिवलेल्या वह्या त्यांच्या जोडीला बसतील असं वाटलं. ए-५, १०० जीएसएम, फाउंटन पेनला चालणारा कागद, पूर्ण सपाट उघडते. सोबत एका पानाची दरसूची आहे: विक्री किंमत, घाऊक भाव, पहिली किमान मागणी १२ नग, तयार करायला तीन आठवडे. चालत असेल तर एक नमुना पाठवते, तो परत नको."

जोडीला दोनच फोटो: वही सपाट उघडलेली, आणि कणा जवळून. उत्तर आलं नाही तर १२ ते १४ दिवसांनी एकदाच आठवण करा, मग नाव पुढच्या हंगामावर टाका. तीन आठवडे लिहिलं असेल तर तुम्हाला खरोखर दोन लागायला हवेत, तिसरा वाळवण्याचा आणि चुकांचा. पहिली मागणी तीन रंगांच्या चार-चार अशी सुचवा. आठ रंग दिले की प्रत्येकाचे एक-दोनच नग राहतात, आवडता रंग पहिल्या आठवड्यात संपतो आणि उरलेले शेल्फ अडवून बसतात. प्रत्येक पट्टीच्या मागे खेपेचा क्रमांक लिहा आणि तुमच्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे कागदाचा लॉट, धागा, डिंकाचं प्रमाण. पाच महिन्यांनी दुकान म्हणालं की एकीचं कव्हर सुटलं, तर बाकीच्या कुठल्या तपासायच्या ते लगेच कळेल.

त्या पाच डुगडुगणाऱ्या वह्या स्वस्तात कुठे देऊन टाकू नका, त्यांची पानं चांगली आहेत. कव्हर उघडून आतल्या सांध्यावर, एंडपेपर आणि जाळीचं कापड एकदम, पात्याने कापा. कव्हर सुटून येईल. कण्यावर उरलेले जाळीचे धागे खरवडून काढा, शिवण तुटू देऊ नका. नवे एंडपेपर घडीकडे ३ मिमी डिंक लावून चिकटवा, कण्यावर नवी जाळी लावा आणि ग्रेन पाहून कापलेल्या पुठ्ठ्याचं नवं कव्हर चढवा. पाचांना मिळून एक दिवस लागेल. या खेपेतल्या तुमच्या पहिल्या सरळ वह्या त्याच असतील, दुकानाला त्यातल्याच द्या. सहावी नव्या खेपेतली.